नारिंगी जाकिटं मोजताना

आमच्या सायकल ग्रुपचे नियम एका पानात बसतात. ते पान मी लिहिलेलं आहे. रविवारी सकाळी क्रांती चौकात जमल्यावर नवीन माणूस आला असेल तर मी ते त्याच्या हातात देते आणि वाचून होईपर्यंत समोर उभी राहते. लोक हसतात. हसू द्यावं, पण वाचून घ्यावं.

पान टाइप केलेलं आहे. फक्त शेवटच्या दोन ओळी निळ्या शाईनं, हातानं लिहिलेल्या आहेत. एकदा एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हे दोन नंतर सुचले का?"

सुचले नव्हते. ते एका माणसाच्या मोडलेल्या हाडातून आले. त्या सकाळबद्दल मी आतापर्यंत तुकड्यातुकड्यांत बोलले आहे, आज सलग लिहिते.

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. हजेरीपत्रकं, दाखले, साहित्याच्या याद्या. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यांसाठी सायकल घेतली, तेव्हा मला वाटलं होतं की सायकल चालवायला येणं पुरेसं असतं. तसं नाही हे मला चाचांनी शिकवलं. चाचांचं औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी त्या गल्लीत बसून शहरातल्या शाळकरी पोरांची, पोस्टमनची आणि मास्तरांची पंक्चरं काढली. पुढं लोकांच्या सायकली गेल्या, दुकानात मुलानं मोबाइलची कव्हरं लावली, आणि चाचा वर घरात मोकळे बसायला लागले. मग गिअरच्या सायकली घेऊन आमच्यासारखी माणसं उगवली, तसे तेही त्यांची जुनी सायकल घेऊन आमच्यात आले.

आमच्या पानावरचे निम्मे नियम त्यांच्या तोंडचे आहेत. दोघांनी शेजारी शेजारी चालवावी, तिसऱ्यानं नाही. मागून गाडी आली की एकेरी व्हावं. आपलं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेऊ नये, कारण तो एवढासा जरी वळला तरी आपण पडतो, तो नाही. खड्डा दिसला की पुढच्यानं हात खाली करून दाखवायचा आणि तोंडानं सांगायचं. मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगायचं, निरोप मध्येच गिळायचा नाही. ब्रेक लावायच्या आधी ओरडायचं. थुंकायचं असेल तर आधी मागं पाहायचं. हा नियम वाचताना सगळे हसतात, पण तो एकाच्या शर्टावरून आलेला आहे. थांबायचं तर रस्ता सोडून थांबायचं. कुणाच्या शेतातल्या नळाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. केळ्याची सालं खिशात.

आणि एक नियम फक्त चाचांचा होता. रस्त्यावर काही पडलेलं दिसलं, दगड, खिळ्याची फळी, तुटलेला पट्टा, तर सगळ्यांनी थांबायचं नाही. पुढच्यानं सांगत जायचं, आणि सगळ्यांत मागच्या माणसानं उतरून ते उचलून कडेला टाकायचं. "अपने पीछे भी कोई आता है," ते म्हणत. सगळ्यांत मागचा माणूस नेहमी तेच. नट आवळायचे पाने, पंप आणि ट्यूब त्यांच्या पिशवीत असायचे, आणि गळ्यात शिट्टी.

मध्ये त्यांच्या हृदयाच्या एका नळीत स्प्रिंग घालावी लागली. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी हळू सायकल चालवायला परवानगी दिली. चाचींनी दिली नाही. मी त्यांच्या घरी गेले ते नियमांचं पान घेऊनच. चाचींनी मला खुर्ची दिली, शिरखुर्म्याचा वाडगा दिला, आणि म्हणाल्या, "पढके सुनाओ."

मी सगळं पान वाचलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, मध्ये एकदाच थांबवलं.

"सबसे पीछे कौन?"

"चाचाच. अवजारं त्यांच्याकडं असतात ना."

"फिर उनके पीछे कौन?"

"मी मोजते ना चाची. प्रत्येक वळणावर कडेला उभी राहून सगळ्यांना मोजते, वहीत बरोबरची खूण करते, मगच पुढं निघतो."

आतल्या खोलीतून चाचा म्हणाले, "स्कूल की बाई है. एक बच्चा कम पडा तो घंटी नहीं बजाती."

चाचींनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. माझ्याकडंच बघत म्हणाल्या, "तुम गिनके लेको जाते ना? तो गिनके लाना."

मी हो म्हटलं. एवढाच करार होता.

त्यानंतर मी एक नवा नियम केला, सगळ्यांनी नारिंगी चमकणारं जाकीट घालायचं. ग्रुपमधल्या इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी लगेच टोमणा मारला, "हजेरीबाई, आता गणवेशही?" पण घेतली सगळ्यांनी. धुक्यात, पावसाळी अंधारात ती लांबून दिसायची. मोजायलाही सोपं झालं. चेहरे, हेल्मेटं, गॉगल यांत डोळे गुंतत नसत. नारिंगी ठिपके मोजायचे, झालं.

गंगापूरच्या रस्त्यावर आम्हाला एक दूधवाले भेटायचे. आमच्याच वयाचे, काळी जुनी सायकल, मागं दोन कॅन. एका वस्तीवरून निघून चार-पाच किलोमीटरवरच्या दूध संकलन केंद्रात जायचे. आम्ही दिसलो की आमच्या शेपटाला लागायचे, कारण पुढं माणसं असली की वारा कमी लागतो. चाचांशी त्यांची दोस्ती झाली. एकदा चाचांनी त्यांना विचारलं, "अंधेरे में ट्रॅक्टरवाला तुमकू देखता क्या?"

"देवाच्या भरोशावर चाललंय चाचा," दूधवाले म्हणाले.

पुढच्या रविवारी चाचांनी त्यांच्यासाठी एक जाकीट आणलं. आमच्यासारखंच, नारिंगी. दूधवाले अंगानं किरकोळ. जाकीट सैल होऊ नये म्हणून चाचींनी बाजूनं शिवून आत घेतलं होतं. ते घालून दूधवाले म्हणाले, "आता म्या बी तुमच्या पलटणीतला." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नियम आपल्या माणसांपलीकडं पोचला म्हणून मला बरंच वाटलं होतं.

ती सकाळ पौषातली. क्रांती चौकातून निघताना आम्ही चौदा होतो. वहीत चौदा नावं, चौदा खुणा. वाळूजच्या कारखान्यांची वाहतूक ओलांडून गंगापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत उजाडलं, पण धुकं उठलं नव्हतं. ऊसतोडीचे दिवस होते. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबणारा, आणि ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली गाणी. अशा ट्रॉल्यांमागून ऊस गळत जातो. एक कांडं चाकाखाली आलं तरी सायकल आडवी होते.

पुढून आवाज आला, "ऊस! डावीकडं ऊस!" निरोप बरोबर मागं गेला, मी मध्यावर होते, मी माझ्या मागच्याला दिला, त्यानं त्याच्या मागच्याला. पाच-सहा कांडी रस्त्यावर पसरलेली होती. आम्ही सगळे वळसा घालून गेलो. नियमाप्रमाणं कुणी थांबलं नाही.

दीड-दोन किलोमीटरवर फाटा आहे. तिथं मी नेहमीप्रमाणं पुढं जाऊन कडेला उभी राहिले. समोरून ट्रॉल्यांची रांग, मागून एका टेम्पोचा हॉर्न, रस्ता अरुंद. धुक्यातून एकेक नारिंगी जाकीट माझ्यासमोरून जात होतं. अकरा, बारा. मी स्वतः तेरा. आणि मागं थोड्या अंतरानं, सावकाश, चौदावं.

"चौदा! चला!" मी ओरडले. वहीत खूण केली, आणि निघाले.

ते चौदावं जाकीट दूधवाल्यांचं होतं. ऊस पडलेल्या जागेच्या पुढं त्यांची वस्ती, तिथून निघून ते नेहमीसारखे आमच्या शेपटाला लागले होते. सावकाश येणारा शेवटचा माणूस म्हणजे चाचा, हे मी इतक्या रविवारी पाहिलं होतं की त्या दिवशी पाहिलंच नाही. कॅनसुद्धा माझ्या नजरेत आले नाहीत. मी जाकीट मोजलं.

पुढं दूधवाले त्यांच्या केंद्राकडं वळले. त्यांना वाटलं, चाचा पुढं असतील किंवा आज आले नसतील. आम्ही आणखी पाच किलोमीटरवरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. प्राध्यापकांनी हात वर करून सांगितलं, "चौदा चहा, हजेरीबाईंना विचारून!" टपरीवाल्यानं ग्लास वाटले. एक ग्लास ट्रेमध्येच राहिला.

टपरीवाला ट्रे धरून उभा होता. "घ्या की. कुणाचा ऱ्हायला?"

मी वर पाहिलं आणि चेहरे मोजायला लागले. बारा आणि मी. परत मोजले. फोन लावला, वाजत राहिला. परत लावला. मग मला एकदम ते सावकाश आलेलं जाकीट आठवलं, त्याच्या मागचे कॅन आठवले. जे त्या वेळी दिसलं नव्हतं ते आता स्पष्ट दिसत होतं.

"चाचा मागं राहिले," मी म्हणाले. "मी दूधवाल्यांना मोजलं."

मी दोघांना टपरीवर थांबून फोन लावत राहायला सांगितलं, बाकीच्यांना जागचं न हलायला सांगितलं, आणि प्राध्यापकांना घेऊन मागं फिरले. हे मला बरोबर सुचलं. अशा वेळी सगळे सैरावैरा निघाले तर आणखी कुणीतरी पडतं. पण तेवढं एकच त्या सकाळी माझ्या हातून बरोबर झालं.

मागं जाताना आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं होतो. दोन्ही कडा बघत, हाका मारत चाललो. ट्रॉल्या आल्या की गाण्यांच्या आवाजात आमच्या हाका आम्हालाच ऐकू येत नव्हत्या. सारखं मनात येत होतं ते त्यांचं हृदय, ती नळी, आणि चाचींनी विचारलेला तो प्रश्न. उनके पीछे कौन.

ऊस पडला होता त्या जागी रस्ता स्वच्छ होता. एकही कांडं नव्हतं. कडेला चाचांची सायकल बाभळीला टेकवून उभी होती आणि शेजारी डोक्याला फडकं बांधलेली, हातात कोयता घेतलेली एक बाई आमच्याकडं बघत होती. ऊसतोडीच्या टोळीतली.

"तुमचंच माणूस हाय ना ह्ये?" तिनं विचारलं.

चाचा खालच्या कोरड्या चारीत होते, पाण्याच्या त्या अरुंद नालीत, वाढलेल्या गवतात. ऊस उचलून झाल्यावर मागून आलेल्या ट्रॉलीला वाट द्यायला ते दोन पावलं मागं सरकले, आणि मागं जमीन नव्हती. फोन सायकलच्या पिशवीत होता. त्या बाईनं त्यांच्या अंगावर स्वतःची वाकळ घातली होती, डोक्याखाली उसाच्या पाचटाची पेंढी दिली होती.

"शिट्टी वाजवीत हुतं बिचारं," ती म्हणाली. "आमास्नी वाटलं ट्रॅक्टरवरलं गाणंच हाय. मंग आमच्या मालकानं वाकून बघितलं. उठवाया गेलो तर वराडलं, म्हनून न्हाई हलिवलं."

"बरं केलंत, ताई. हलवलं नाहीत ते लई बरं केलंत."

"व्हय, पर तुमी समदी रांगेनं गेलाव की मघाशी." ती रागानं नाही, नवलानं बोलत होती. "म्या फडातनं बघत हुते. एकानं बी मागं वळून बघितलं नाय."

मी चारीत उतरले. चाचांचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ कोरडे. छातीत दुखतंय का, विचारलं. नाही म्हणाले. डाव्या खुब्याकडं बोट दाखवलं. पाय बाहेरच्या अंगाला वळलेला होता. प्राध्यापक वर रस्त्यावर फोनवर अॅम्ब्युलन्सवाल्याला फाट्यापासूनच्या खुणा सांगत होते. चाचांनी माझं मनगट धरलं.

"गिनती बराबर आई थी क्या, ताई?"

"आली होती चाचा," मी म्हणाले. "चौदा आली होती."

त्यांनी क्षणभर विचार केला. चाळीस वर्षं बिघाड शोधलेला माणूस तो. "दूधवाला," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

अॅम्ब्युलन्स गंगापूरहून आली. त्या बाईची वाकळ त्यांच्यासोबतच गेली. ती मी पुढच्या आठवड्यात धुऊन नेऊन दिली, तेव्हा तिनं फक्त विचारलं, "चालतं का म्हातारं?"

शहरातल्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली. खुब्यात सळई घालायची, पण हृदय असं असताना भूल देणं जोखमीचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचा आत गेले. बाहेर बाकावर चाची तसबीहचे मणी ओढत बसल्या होत्या. प्राध्यापकांनी मला जिन्यापाशी बाजूला घेतलं. नेहमीचा टवाळ आवाज नव्हता.

"आत्ताच सगळं सांगायची गरज नाही. धुकं होतं, ट्रॉली आली, ते पडले. यात खोटं काही नाही."

"खोटं नाही," मी म्हणाले, "पण अपुरं आहे."

माझ्या पिशवीत वही होती. त्या दिवशीच्या पानावर फाट्यापुढं चौदा आणि बरोबरची खूण, ठळक. कुणी मागितली असती तर वही माझ्या बाजूनं बोलली असती. कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले आहे, कागदावर घ्या, कागद खोटं बोलत नाही.

मी चाचींशेजारी बसले आणि सांगितलं. फाट्यावर मोजलं ते सांगितलं, चौदावं जाकीट कुणाचं होतं ते सांगितलं. ते चारीत पडून होते तेव्हा आम्ही चहा मागवत होतो, तेही सांगितलं.

चाचींचं बोट एका मण्यावर थांबलं.

"तुम गिने थे."

"हो. चुकीचं मोजलं."

"वो जाकिट मैंने सिया था," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमकू पूछी थी मैं. उनके पीछे कौन."

"हो. विचारलं होतंत."

त्यांनी पुन्हा मणी ओढायला सुरुवात केली. माझ्याकडं पाहिलं नाही, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. शस्त्रक्रिया संपेपर्यंत आम्ही दोघी त्या बाकावर बसून होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ठीक आहे, शुद्धीवर येताहेत. चाची उठून आत गेल्या. मी बाहेरच राहिले.

चाचा घरी आले, वॉकर धरून चालायला लागले, पुढं काठीवर आले. सायकलवर परत बसायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांनी मानलं. एका रविवारी मी तिथं असताना दूधवाले आले. दुधाची बाटली आणि घडी घातलेलं ते नारिंगी जाकीट त्यांनी पलंगावर ठेवलं.

"हे ठिवा चाचा. ह्याच्यापायी झालं समदं."

चाचांनी जाकीट उचलून त्यांच्याच अंगावर फेकलं. "पहन! इस के वजह से तू जिंदा है रे. गलती कपडे की नहीं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, कागज निकालो."

मी पान काढलं. त्यांनी सांगितलं, मी निळ्या पेननं लिहिलं. पहिलं: मोजणी डोळ्यांनी करायची नाही. पुढून सुरुवात करून प्रत्येकानं आपला आकडा स्वतःच्या तोंडानं सांगायचा, आणि शेवटच्यानं ‘आखिरी’ म्हणायचं. ‘आखिरी’ ऐकू आल्याशिवाय कुणी पॅडल मारायचं नाही. दुसरं: सगळ्यांत मागं एक माणूस कधीच नसावा, दोन असावेत, एक उतरला तर दुसऱ्यानं थांबायचं. त्यांनी पान हातात घेऊन वाचलं, चाचींकडं दिलं. चाचींनीही घेतलं, चष्मा लावला, त्यांना मराठी वाचता येत नाही तरी बराच वेळ बघत राहिल्या. मग परत दिलं.

आता मागं दोघं असतात: प्राध्यापक, त्यांना मी नेमलं आहे, आणि मी. फाट्यावर उभी राहत नाही. वही अजून ठेवते.

राइड संपली की मी सरळ घरी जात नाही. क्रांती चौकातून औरंगपुऱ्यात येते, त्या गल्लीत सायकल भिंतीला लावते आणि जिना चढते. कुणी सांगितलेलं नाही. दवाखान्यातून चाचा घरी आल्यावर पहिल्या राइडनंतर मी गेले तेव्हा चाचींनी दार उघडून बसा म्हटलं नव्हतं. उंबऱ्यातच उभ्या राहून एकच विचारलं होतं. अजूनही तेच विचारतात. आतून चाचांचा रेडिओ ऐकू येत असतो.

"कित्ते गए थे?"

"तेरा."

"कित्ते आए?"

"तेरा."

"सूरतां देखे?"

"देखे चाची. एकेक चेहरा."

मग त्या दारातून बाजूला होतात.